क्रिकेटवरून बेतलेलं मनगटी घड्याळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरात आम्ही एक मनगटी घड्याळ आखतो आहोत. त्याचा आराखडा आणि नमुने बघून क्लबात खेळणाऱ्यांनी, अंपायरिंग करणाऱ्यांनी, घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांनी आणि जालना, बीड, परभणीकडच्या मित्रांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे आहेत.

डायलवर बॅट-बॉलचं चित्र आहे का?

नाही. काट्यांना बॅटचा आकार दिला किंवा डायलवर चेंडू छापला की घड्याळ क्रिकेटचं दिसतं, पण वेळ सांगायची त्याची रीत बदलत नाही. क्रिकेटला मात्र स्वतःचं कालमापन आहे. मैदानावर कुणी “किती वाजले?” असं फारसं विचारत नाही, “कितवी ओव्हर चालू आहे?” असं विचारतात. ही मोजणी मनगटावर आणायची, एवढं ठरवून आम्ही सुरुवात केली.

म्हणून दिसायला घड्याळ साधं आहे. ३८ मिलिमीटरची स्टीलची केस, काळ्या मातीच्या रंगाची डायल, मधोमध खेळपट्टीची पट्टी आणि काचेभोवती फिरणारी एक कडी. खरं काम या कडीवर आहे.

कडीवर साठ मिनिटांऐवजी पंधराच खुणा का?

कसोटीत दिवसाला ९० षटकं टाकायची असतात आणि खेळाचे तास सहा. म्हणजे तासाला १५ षटकं, एका षटकाला ४ मिनिटं. साठ मिनिटांचे चार-चारचे भाग पाडले की बरोबर पंधरा खुणा होतात. घड्याळाचं वर्तुळ आणि कसोटीची गती एकमेकांत इतकी चपखल बसतात हे कागदावर पाहिलं, तेव्हाच हा आराखडा पक्का झाला.

वापर सोपा आहे. पहिला चेंडू पडताना कडी फिरवून तिचा शून्य मिनिटकाट्यासमोर आणायचा. त्यानंतर मिनिटकाटा ज्या खुणेवर असेल, तेवढी षटकं एव्हाना व्हायला हवीत. समजा, सामना साडेनऊला सुरू झाला आणि आता १० वाजून ४२ मिनिटं झाली आहेत. काटा शून्यापासून एक फेरा पूर्ण करून पुढे तिसऱ्या खुणेवर आहे. फेऱ्याची १५ आणि वरची ३, म्हणजे १८ षटकं. धावफलकावर १६ दिसत असतील तर क्षेत्ररक्षण करणारा संघ दोन षटकं मागे आहे.

हा हिशेब वरवरचा नाही. कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत कमी पडलेल्या प्रत्येक षटकामागे संघाचा एक गुण कापला जातो. पहिल्या पर्वात हा दंड षटकामागे दोन गुणांचा होता. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला भारताविरुद्ध ऑस्ट्रेलिया दोन षटकं मागे राहिला आणि त्यांचे चार गुण गेले. पर्वाच्या शेवटी अंतिम सामन्याची जागा त्यांच्या हातून अगदी थोडक्यात निसटली आणि भारताविरुद्ध न्यूझीलंड खेळला. आठ मिनिटांचा उशीर, आणि त्याची किंमत एवढी! २०२३ च्या ॲशेसनंतर तर इंग्लंडचे १९ आणि ऑस्ट्रेलियाचे १० गुण याच कारणाने कापले गेले.

एक ध्यानात ठेवा. विकेट, ड्रिंक्स, दुखापत, तिसऱ्या पंचाकडे गेलेला निर्णय यांत जाणाऱ्या वेळेची सूट संघाला मिळते. ती सूट कडी ओळखत नाही, तिचा अंदाज बघणाऱ्याने करायचा.

कडी धक्क्याने फिरली तर?

ती एकाच बाजूला, घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. त्यामुळे चुकून सरकलीच तर व्हायला हवीत त्यापेक्षा जास्त षटकं दाखवेल, कमी कधीच नाही. चूक व्हायचीच असेल तर ती घाई करायला लावणारी असावी, असं आम्हाला वाटतं.

एकदिवसीय आणि टी-ट्वेन्टीला ही कडी चालते का?

चालते, थोडा फरक धरून. एकदिवसीय सामन्यात ५० षटकांना साडेतीन तास मिळतात, म्हणजे षटकाला ४ मिनिटं १२ सेकंद. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेन्टीत २० षटकांना ८५ मिनिटं, म्हणजे ४ मिनिटं १५ सेकंद. दोन्हीकडे तासाला चौदा षटकं आणि वर थोडं. म्हणून चौदाव्या खुणेला आम्ही लाल टिंब दिलं आहे. मर्यादित षटकांच्या सामन्यात पहिल्या तासाअखेर टाकलेल्या षटकांनी निदान हे टिंब गाठलेलं असावं.

वीस षटकांसाठी वेगळी कडी करा असं बरेच जण सुचवतात. आम्ही करणार नाही. एका कडीवर तीन मोजपट्ट्या छापल्या तर उन्हात एकही धड वाचता येणार नाही.

गावाकडच्या टेनिस बॉल स्पर्धेत याचा काय उपयोग?

आपल्याकडे रब्बीची काढणी झाली की मोकळ्या रानात स्पर्धा लागतात. मंडप, भोंग्यावर कॉमेंट्री, दिवसभरात एकामागून एक सामने. तिथे भांडण बहुतेक वेळा दोनच गोष्टींवरून होतं : एक वाईड आणि दुसरा उशीर. दुपारचा सामना लांबला की शेवटच्या जोडीला अंधारात खेळावं लागतं. आयोजकांनी सकाळीच “आठ षटकांचा डाव, बत्तीस मिनिटं” असं ठरवून दिलं तर कडीवर आठव्या खुणेशी काटा आला की सगळ्यांना दिसतं. त्यासाठी हेच घड्याळ पाहिजे असं अजिबात नाही, कुठल्याही घड्याळाने भागेल. फक्त इथे हिशेब करावा लागत नाही, नजर टाकली की कळतं.

डायलच्या मधली पट्टी कशाच्या मापाची आहे?

खऱ्या खेळपट्टीच्या हजाराव्या भागाची. खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर लांब आणि ३.०५ मीटर रुंद असते. डायलवर ती २०.१२ मिलिमीटर लांब आणि ३.०५ मिलिमीटर रुंद आहे. मीटरच्या जागी मिलिमीटर, बाकी आकडे तेच. फलंदाजाची क्रीज स्टंपपासून १.२२ मीटरवर असते, इथे १.२२ मिलिमीटरवर. या रेषा फक्कीच्या पांढऱ्या रंगात आहेत.

तीन स्टंपांची मिळून रुंदी २२.८६ सेंटिमीटर. हजाराव्या भागात ती पाव मिलिमीटरसुद्धा भरत नाही. तेवढ्यात तीन वेगळ्या रेषा छापणं शक्य नाही, म्हणून तिथे एकच बारीक ठिपका आहे. आणि सीमारेषा नाहीच. खेळपट्टीच्या मध्यापासून ती कमीत कमी ५९.४३ मीटरवर असावी लागते. त्या हिशेबाने डायलचा व्यास जवळजवळ बारा सेंटिमीटर होईल.

प्रमाण थोडं सैल केलं असतं तर मैदानाचा आणखी भाग आत बसला असता. पण अचूक मापाला एक वजन असतं. बावीस यार्डांवर ज्याने उन्हाळे काढलेत, त्याला हे डोळ्यांनीच जाणवतं.

खेळपट्टी म्हटलं की भेगा आल्याच. डायलवर त्या का नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर आम्ही खूप विचार करून ठरवलं आहे.

क्रिकेटच्या नजरेने भेगा देखण्या असतात. चौथ्या-पाचव्या दिवशी खेळपट्टी उकलायला लागली की फिरकीवाल्याचे डोळे चमकतात. आपली काळी माती तर त्यासाठीच ओळखली जाते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकण खनिजाचं प्रमाण मोठं असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि वाळताना आकसतं, म्हणून जमीन फाटते. रोलर फिरवून दाबलेल्या काळ्या मातीच्या खेळपट्टीवर चेंडू तांबड्या मातीपेक्षा साधारण खाली राहतो, थांबून येतो. इथल्या पोरांची मागच्या पायावर थांबून, उशिरा खेळायची सवय अशा मातीवरच लागते.

पण मराठवाड्यात भेगाळलेली जमीन म्हणजे आधी दुष्काळ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यातली रानं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या मनगटावर भेगांची नक्षी शोभेची वस्तू म्हणून बांधायची आमची तयारी नाही. मुंबई-पुण्यातल्या काही मित्रांना हा जरा हळवेपणा वाटतो. आम्हाला तो वाटत नाही. इथे बनणाऱ्या वस्तूने इथल्या माणसाच्या आठवणीचा मान राखला पाहिजे.

म्हणून डायलवर सामन्याच्या पहिल्या सकाळची माती आहे : पाणी दिलेली, रोलर फिरवलेली, गडद आणि घट्ट. डायलचा पृष्ठभाग बारीक दाणेदार आहे आणि मधली पट्टी गुळगुळीत. उजेड तिरका पडला की दोन्हींतला फरक दिसतो.

बाराचा आकडा कुठे गेला?

एक ते अकरा या जागांवर भरीव खुणा आहेत, त्या अकरा खेळाडूंच्या. बाराच्या जागी पोकळ कडं आहे, ते बाराव्या खेळाडूचं. नियमाप्रमाणे बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करू शकतो, पण फलंदाजी-गोलंदाजी करू शकत नाही. पाणी आणणं, ग्लोव्हज बदलून देणं, निरोप पोचवणं ही कामं त्याची. तरी दिवसाचा माथा आणि मध्यरात्र दोन्ही त्याच्याच जागी येतात. सबंध हंगाम बाराव्या नंबरवर बसून काढणारी मुलं प्रत्येक क्लबात असतात, आणि त्यांना डायलवरची सगळ्यात वरची जागा मिळाली याचा आम्हाला आनंद आहे.

यात सोयही आहे. अंधारात चमकणाऱ्या खुणांमध्ये एकच पोकळ असली की घड्याळाचा वरचा भाग लगेच ओळखता येतो.

आत कोणतं मशीन आहे? सेल लागतो का?

सेल लागत नाही. तारीख नसलेलं जपानी बनावटीचं ऑटोमॅटिक मशीन आहे. हाताच्या हालचालीने त्याला चावी बसते, हातानेही देता येते. पूर्ण चावी बसली की काढून ठेवल्यावरही साधारण चाळीस तास चालतं.

हे मशीन तासाला २१,६०० ठोके टाकतं, म्हणजे सेकंदाला सहा. सेकंदकाटा एका सेकंदात सहा बारीक पावलं टाकतो, षटकात सहा चेंडू असतात. महागड्या मशीनमध्ये बहुधा सेकंदाला आठ ठोके असतात आणि काटा अधिक अलगद सरकतो. आम्ही सहाचंच निवडलं. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत आठ चेंडूंचं षटक होतं. तेव्हा कदाचित आमची निवड वेगळी ठरली असती!

अचूकतेबद्दल स्पष्ट सांगायला हवं. बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत हे मशीन दिवसाला २० सेकंद मागे किंवा ४० सेकंद पुढे जाऊ शकतं. जुळवून घेतलं की फरक बराच कमी होतो, पण सेलच्या घड्याळाइतकं अचूक ते होणार नाही. षटकाची गती मोजायला ही मर्यादा पुरेशी आहे, रेल्वे गाठायची असेल तर आठवड्यातून एकदा वेळ लावून घ्या.

चावीचं बटण तीनऐवजी चारवर का?

तीनवर असलं की मनगट मागे वळताना ते हाताच्या पाठीत रुततं. चारवर रुतत नाही. चौकाराची जागा म्हणूनही ती आवडली, पण कारण पहिलंच.

पट्टा जुन्या लेदर बॉलच्या चामड्याचा का नाही करत?

कल्पना सुंदर आहे, चामडं पुरत नाही. चांगला चेंडू चार तुकड्यांचा असतो आणि त्याचा घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर. म्हणजे एक तुकडा टोकापासून टोकापर्यंत जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर, आणि दोन्ही टोकांना निमुळता. पट्ट्याची लांब बाजू साधारण बारा सेंटिमीटर लागते आणि सलग रुंदीची लागते. त्यात ते चामडं साच्यात दाबून गोलाईला आणलेलं असतं. सपाट केलं की चिरतं, आणि जुन्या चेंडूचं तर आधीच झिजलेलं.

म्हणून पट्टा नव्या चामड्याचा, तुरटीने कमावलेल्या आणि लाल रंगवलेल्या. चेंडूचं चामडंही याच रीतीने कमावतात. त्यावर मेण लावलेल्या पांढऱ्या दोऱ्याची हातशिलाई आहे. चेंडूच्या शिवणीला सहा ओळी असतात, पट्ट्यावर दोनच ठेवल्या. जास्त घातल्या की चामडं कडक होतं.

लग्नकार्यासाठी हिमरूचा पट्टाही जोडता येईल. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम मिळून विणलेलं आपल्या शहराचं कापड. खाली चामड्याचं अस्तर दिलं आहे, तरी घामाने ते लवकर खराब होतं, म्हणून रोज वापरू नका. पैठणीचा पट्टाही अनेक जण मागतात, पण जर मनगटाला टोचते आणि बकलमध्ये अडकून तुटते. पैठणी आहे तिथे, पदरावरच राहू द्यावी.

खेळताना घातलं तर चालेल का?

फलंदाजी, गोलंदाजी, क्षेत्ररक्षण, तिन्ही वेळी काढून ठेवा. पुरुषांच्या सामन्यातला चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅमचा असतो. तो मनगटावर आदळला तर घड्याळापेक्षा हाताची काळजी मोठी, स्टीलची केस हाडावर दाबली जाते. डाइव्ह मारताना दुसऱ्याला लागायचीही भीती असते.

पंचांनी मात्र जरूर घालावं. कोणतं घड्याळ प्रमाण मानायचं आणि ते बंद पडलं तर दुसरं कोणतं, हे नाणेफेकीआधी पंचांनी ठरवावं असं क्रिकेटच्या नियमांतच लिहिलं आहे. लॉर्ड्सच्या मैदानावर १९२६ पासून वारा दाखवणाऱ्या यंत्रावर कालपुरुषाची आकृती उभी आहे, स्टंपवरची बेल उचलणारी. या खेळात घड्याळाचा निर्णय चालतो याची आठवण ६ नोव्हेंबर २०२३ ला सगळ्या जगाला झाली. दिल्लीत विश्वचषकाच्या सामन्यात श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज हेल्मेटच्या पट्ट्याच्या भानगडीत दोन मिनिटांत चेंडू खेळायला तयार झाला नाही आणि एकही चेंडू न खेळता बाद ठरला. आता तर आंतरराष्ट्रीय मर्यादित षटकांच्या सामन्यात दोन षटकांच्या मध्ये ६० सेकंदांचं घड्याळ लागतं. डावात तिसऱ्यांदा उशीर झाला की पाच धावांचा दंड.

ऊन, धूळ, घाम सोसेल का? फवारणी करताना हातात राहिलं तर चालंल का?

फवारणी करताना नको. औषधातले द्रावक रबरी रिंग खराब करतात आणि चामड्यात मुरलेलं औषध दिवसभर कातडीला लागून राहतं. घड्याळ घरी ठेवून जा.

मे महिन्यातलं आपलं ऊन हाताला बांधलेल्या घड्याळाला त्रास देत नाही, शरीराच्या आधाराने ते बेताच्या तापमानात राहतं. ट्रॅक्टरच्या बोनेटवर किंवा बंद गाडीत काचेखाली मात्र ठेवू नका, आतलं तेल लवकर वाळतं. काच सफायरची आहे. दहापैकी मोजल्या जाणाऱ्या मोह्स मोजपट्टीवर धुळीतल्या क्वार्ट्झच्या कणांची कठिणता ७ असते, सफायरची ९. साध्या काचेवर धूळ पुसता पुसताच ओरखडे उठतात, इथे उठणार नाहीत.

पाण्याचं म्हणाल तर ५ एटीएमपर्यंत टिकाव आहे (एटीएम हे दाबाचं माप). पाऊस, हात धुणं चालेल. विहिरीत उडी मारताना चालणार नाही. आणि चामड्याचा पट्टा कुठल्याच पाण्यात भिजवू नका.

मराठवाड्याच्या खेळाडूंची नावं किंवा सह्या का नाहीत?

अभिमानाची कमी नाही. डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्धच्या एकाच कसोटीत बीडला जन्मलेला संजय बांगर आणि संभाजीनगरला जन्मलेला इक्बाल सिद्दीकी, दोघांनी पदार्पण केलं. दोघंही आपल्या भागातले! पुढे जालन्याच्या विजय झोलने २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या विजेत्या संघात होता. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढल्या, त्या खेळीबद्दल बीडमध्ये अजून बोललं जातं.

पण कुणाचं नाव विकायच्या वस्तूवर घालायचं तर त्याची रीतसर परवानगी आणि मोबदला हवा, आणि तो हक्क खेळाडूचाच आहे. शिवाय एकाचं नाव घातलं की घड्याळ त्याचं होतं. आम्हाला ते अकरा खुणांचं आणि त्या पोकळ कड्याचं ठेवायचं आहे.

क्रिकेटची घड्याळं आधीच आहेत ना?

आहेत, आणि चांगली आहेत. स्विस कंपनी हुब्लो २०१५ च्या विश्वचषकाची अधिकृत वेळ-भागीदार होती. आपल्या देशात बंगळूर वॉच कंपनीने ‘कव्हर ड्राइव्ह’ नावाची मालिका काढली. ती जरूर बघा. आमचा रस्ता काळ्या मातीतून आणि षटकाच्या चार मिनिटांमधून जातो, एवढाच फरक.

बायकांच्या मनगटाला मोठं नाही का होणार?

३८ मिलिमीटर आकडा मोठा वाटतो. पट्टा जोडायचे कान आखूड आणि खाली वळलेले असल्याने बारीक मनगटावरही ते बाहेर येत नाही. पट्ट्याला दोन जादा भोकं आहेत.

किंमत किती आणि मिळणार कधी?

दोन्ही अजून ठरलेलं नाही. सध्या नमुने वापरून बघणं चालू आहे, आणि एक पूर्ण उन्हाळा व एक पूर्ण पावसाळा मनगटावर काढल्याशिवाय विक्रीला आणायचं नाही असं ठरलं आहे. खर्च मुख्यतः सफायर काच, कमी संख्येत छापल्या जाणाऱ्या डायली आणि पट्ट्याची हातशिलाई यांवर होतो. मशीनचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी आहे. आगाऊ पैसे आम्ही कुणाकडूनही घेत नाही. कुणी आमच्या नावाने मागितले तर देऊ नका.

बिघडलं तर दुरुस्तीला मुंबईला पाठवावं लागेल?

लागू नये म्हणूनच हे मशीन निवडलं. ते सर्वत्र वापरात आहे, सुटे भाग मिळतात, आणि ऑटोमॅटिक घड्याळ खोलता येणाऱ्या कुठल्याही चांगल्या घड्याळजीला ते माहीत असतं. मागचं झाकण आट्यांचं आहे, नेहमीच्या अवजाराने उघडतं. झाकण उघडलं की रबरी रिंग बदलून घ्या आणि पाण्याची चाचणी करायला सांगा. चार-पाच वर्षांनी एकदा साफसफाई आणि तेल पुरतं. पट्ट्याच्या पिना २० मिलिमीटरच्या साध्या मापाच्या आहेत, कोणत्याही गावच्या बाजारात मिळतील.